प्रमिलाताईंची बिनवायरची मशीन

प्रमिलाताई भगत सपाट रस्त्यावरसुद्धा पाय फाकवून चालायच्या. रस्ता कुठल्याही क्षणी ब्रेक मारील आणि आपण तोंडघशी पडू, अशा बेतानं. सगळी नोकरी लाल बसमध्ये कंडक्टर म्हणून गेली होती, आणि अंगाला लागलेली ती सवय निवृत्तीनंतरही गेली नाही. लग्नाची पंगत असो, दवाखान्याची रांग असो, की आमच्या ले-आउटच्या तोंडाशी अडकलेल्या म्हशी असोत, त्यांचं एकच वाक्य असायचं, "चला, मंधात थांबू नका. समोर जागा हाये." म्हशीसुद्धा पुढे सरकायच्या.

फोन उचलला की "जय भीम, बोला." पलीकडच्यानं पाल्हाळ लावलं तर, "मुद्द्यावर ये बावा, मांग लोक उभे हायेत." मागे कोणी नसायचं. घरात त्या एकट्याच. नवरा लवकर गेला, मुलगा पुण्याला नोकरीला. एकदा आमच्या शेजारच्या कल्पना वहिनी कुणाला तरी सांगत होत्या, "बिचारी एकटीच राह्यते." ते ताईंच्या कानावर गेलं. त्या सरळ वहिनींच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. "एकटी हाओ. बिचारी नाई. दोन शब्द येगळे हायेत," एवढं बोलून परत आल्या. संध्याकाळी त्याच वहिनींकडे वाटीभर वडाभात पाठवला.

चहा बशीत ओतून, उभ्यानं प्यायच्या. बसायला खुर्ची दिली तर म्हणायच्या, "बसून बसून काय करू?" उजवा खांदा मात्र कायमचा दुखरा. वर्षानुवर्षं एका हातानं छताचा दांडा धरून दुसऱ्या हातानं तिकिटं फाडायची, त्यातून तो झिजला होता. तो चोळत बसलेल्या दिसल्या की समजायचं, आज आभाळ भरून येणार.

मला त्या मास्तरीण म्हणायच्या, कारण मी ज्युनियर कॉलेजात शिकवते. बसमधला एक किस्सा त्यांनी मला सांगितला तोही मी खोदून विचारल्यावर. केळझरला एक पांढऱ्या कपड्यातला माणूस गाडीत चढला आणि तिकीट घेईना. "मी कोण आहे, माहीत आहे का तुम्हाला?" असं विचारू लागला.

"माहीत हाये," ताई म्हणाल्या. "बिना तिकिटाचे."

त्यांनी घंटी मारली, गाडी शेताच्या कडेला उभी केली आणि आपल्या जागेवर बसून चष्मा पुसायला लागल्या. ऊन तापलेलं. गाडीतले लोक ओरडायला लागले. शेवटी एक म्हातारी आपल्या कमरेची पिशवी सोडून त्या माणसाचं तिकीट काढायला निघाली, तेव्हा त्याला लाज वाटली आणि त्यानं तिकीट घेतलं.

"लोक त्याच्यावर नाई चिडले, मास्तरीण," ताई म्हणाल्या. "माह्यावर चिडले. गाडी थांबवनाऱ्यावरच लोक चिडतात. हे आपलं ध्यानात असू द्यायचं, अन् थांबवायची."

आमचा ले-आउट, म्हणजे प्लॉट पाडलेली वसाहत, सावंगीच्या मेडिकल कॉलेजच्या वाटेवर आहे. घरोघरी वरच्या मजल्यावर नर्सिंगच्या आणि डॉक्टरकीच्या पोरी भाड्यानं राहतात. मधोमध एक मोकळं मैदान. संध्याकाळी पोरी तिथे फेऱ्या मारत घरच्यांशी फोनवर बोलायच्या, बायका सतरंजी टाकून बसायच्या. पावसाळ्यात मात्र गवत गुडघ्याच्या वर जायचं आणि मैदान बंद पडायचं. त्या वर्षी गवतातून एक मोठी धामण निघाली. तेवढं निमित्त पुरलं.

हांडे साहेब ले-आउटच्या समितीचे अध्यक्ष. निवृत्त इंजिनियर, बोलायला गोड. दर चतुर्थीला केळझरच्या गणपतीला जायचे आणि प्रसाद घरोघरी पोचवायचे. त्यांच्या जावयाचा मंडप-डेकोरेशनचा धंदा होता. त्यांनी आपल्या पोर्चमध्ये बैठक बोलावली आणि सांगितलं, की मैदानावर सरसकट सिमेंटचे गट्टू बसवायचे. गवत नाही, साप नाही. लग्नसराईत जागा भाड्यानं द्यायची. आमच्याकडे लॉन म्हटलं की हिरवळ कुणाच्या डोळ्यांसमोर येत नाही. लॉन म्हणजे लग्नाची जागा. तसं एक लॉन करायचं, आणि येणाऱ्या भाड्यातून ले-आउटचे दिवे, रस्ते दुरुस्त करायचे.

बोलणं वाजवी होतं. माना हलत होत्या. ताई भिंतीला टेकून उभ्या होत्या.

"केस वाढले तं मानूस न्हाव्याकडे जाते, साहेब," त्या म्हणाल्या. "डोक्यावर गट्टू नाई बसवत."

लोक हसले. हांडे साहेबही हसले. "ताई, न्हावी कोण होणार? दर आठवड्याला कापावं लागतं ते."

"मी."

"किती दिवस?"

"मी हाओ तवरीक. गवत दिसलं तं मले बोला. नाई दिसलं तं गट्टूचं नाव काढू नका."

त्या पोर्चमध्ये असा करार झाला. लिहिला कुणीच नाही, पण सगळ्यांनी ऐकला.

सुरुवातीला ताईंच्या माहेरच्या, अल्लीपूरच्या दोघी बाया विळे घेऊन यायच्या. पण शेतात निंदण सुरू झाल्यावर त्या कशाला येतात? ताईंनी स्वतः विळा हातात घेऊन पाहिला. एका सकाळीच खांदा धरला. मग त्या माझ्याकडे आल्या. "चाल वो, मास्तरीण. वर्ध्याले जाऊ. गवताची मशीन घेऊ."

दुकान शेतीच्या अवजारांचं. फवारणीचे पंप, पाण्याच्या मोटारी, आणि एका कोपऱ्यात गवत कापायच्या दोन मशिनी. एक पेट्रोलची, लाल, जाडजूड. एक विजेची, नारंगी, हलकी. दुकानदार तरुण होता.

"मॅडम, लेडीजसाठी इलेक्ट्रिकच बरी," तो म्हणाला. "प्लग लावा, बटन दाबा, चालू. पेट्रोलवालीला रस्सी खिचावी लागते. ताकदीचं काम आहे."

ताईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. मला वाटलं, आता ह्या हट्टानं पेट्रोलची घेणार. पण त्यांनी आधी एक मशीन उचलून पाहिली, मग दुसरी. पेट्रोलच्या मशीनची दोरी ओढली. खांद्यातून कळ गेली ती मला त्यांच्या ओठांवर दिसली. विजेच्या मशीनची वायर पूर्ण उलगडून दुकानाच्या दारापर्यंत नेली, परत आणली.

"बॅटरीची नाई का?" त्यांनी विचारलं.

"आहे. पण तुमचं मैदान मोठं सांगता. बॅटरी अर्ध्यात दम टाकते."

"अर्ध्यात थांबनारं नोको." त्यांनी नारंगी मशीनवर हात ठेवला. "हे दे. अन् लेडीजसाठी म्हनून नाई घेऊन राह्यली. माह्या खांद्यासाठी घेऊन राह्यली."

विजेची मशीन गुणी होती. आवाज पंख्यापेक्षा थोडा जास्त, धूर नाही, ढकलायला हलकी. अडचण एकच, वायर. ताईंचं घर मैदानापासून दूर, मधे रस्ता. म्हणून मैदानाला लागून असलेल्या घरांनी पाळीपाळीनं विजेचा बोर्ड द्यायचा असं ठरलं. एक दिवस कल्पना वहिनींचा, एक दिवस आमचा, एक दिवस पलीकडच्यांचा. ताई कॅनव्हासचे बूट घालून, साडी खोचून, वायर खांद्यावरून मागे सोडून पट्टे काढायच्या. पहिल्या पंधरवड्यातच त्यांनी स्वतःच्या वायरीवरून मशीन नेली. फट्कन आवाज झाला आणि कल्पना वहिनींच्या घरची लाइन गेली. वहिनी हातात लाटणं घेऊन बाहेर आल्या.

"कापलं का हो काही?"

"वायर कापली," ताई शांतपणे म्हणाल्या. "गवतही कापलं." जोडाला काळी पट्टी गुंडाळली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. गवत गालिच्यासारखं बसलं. पोरी अनवाणी फिरायला लागल्या. बायकांच्या सतरंज्या परत आल्या.

हांडे साहेबांनी कधीही भांडण केलं नाही. ते घरोघरी प्रसाद घेऊन गेले आणि जाता जाता बोलले. ओल्या गवतात करंट उतरला तर? एखाद्या पोरीचा पाय पडला तर? ज्याच्या घरचा बोर्ड, त्याच्यावर केस. यात खोटं काहीच नव्हतं. तेच त्यांचं सामर्थ्य होतं. पलीकडच्या घरानं सांगितलं, आमचा बोर्ड जळला. कल्पना वहिनींचे यजमान हांडे साहेबांच्या ओळखीनं नोकरीला लागलेले, वहिनींनी दार अर्धवट उघडून सांगितलं, "ताई, आमच्याकडे नको आता." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ताई म्हणाल्या, "रडू नोको. बोर्ड तुहा हाये."

उरलो आम्ही. एका सकाळी आमच्या बोर्डावर मशीन चालू असताना हांडे साहेब आमच्या व्हरांड्यात येऊन बसले. माझे सासरे त्यांच्याशी बोलत होते. हांडे साहेब मृदू आवाजात म्हणत होते, "तुमची सून शिकलेली आहे. तिला कायदा कळतो. मी फक्त सावध करतोय." सासऱ्यांचा आवाज चढायला लागला. बोर्ड आमचा, आम्ही देणार, असं काहीतरी ते म्हणत होते.

मशीन अचानक थांबली. ताई वायर गुंडाळत व्हरांड्याच्या पायऱ्यांशी आल्या, आत हात घालून त्यांनी स्वतः प्लग काढला.

"ताई, तुम्ही चालू ठेवा," मी म्हटलं. "आम्ही नाही म्हणालेलो नाही."

"माहीत हाये." त्या वायरीची वेटोळी हातावर घेत होत्या. "तुमच्या घरात माह्यापायी वाद नोको. जे मशीन दुसऱ्याच्या भिंतीतून चालते, ते दुसऱ्याले बंद करता येते." मग हांडे साहेबांकडे वळून म्हणाल्या, "साहेब, चहा घेऊन जाजा. मास्तरीणच्या हातचा चांगला असते."

दुपारी त्या मला घेऊन पुन्हा वर्ध्याला. दुकानदारानं पट्टी मारलेली वायर पाहून तोंड वाकडं केलं, पण मशीन परत घेतली. तेवढ्यात पुण्याहून मुलाचा फोन आला. "आई, डॉक्टरनं खांद्याला झटका द्यायला मनाई केली आहे. काऊन हट्ट करून राह्यली तू?"

"डॉक्टरनं मले मनाई केली," ताई म्हणाल्या. "मी ऐकली. आता फोन ठेव, मांग लोक उभे हायेत." ह्या वेळी खरंच उभे होते. दुकानदार बिल घेऊन.

पेट्रोलची लाल मशीन मैदानात आली आणि तमाशाच झाला. दोरी ओढायची, इंजिन खोकायचं, गप्प बसायचं. ताई पुन्हा ओढायच्या. व्हरांड्या-व्हरांड्यांतून लोक बघत होते. कुणीतरी म्हणालं, "राहू द्या ताई, माणूस पाठवतो." त्यांनी मान वर केली नाही. पहिल्या दिवशी मशीन चालू झालीच नाही. ती ढकलत, पाय फाकवून, त्या घरी गेल्या. दुसऱ्या दिवशीही नाही. मी संध्याकाळी गेले तर खांद्यावर गरम पाण्याची पिशवी धरून उभ्या होत्या.

"दुखतंय?"

"दुखते तं. त्याले सांगतलं, दुख तू, माह्यं काम करू दे."

तिसऱ्या सकाळी त्यांनी युक्ती बदलली. उजवा हात पाठीशी ठेवला. डावा पाय मशीनवर रोवला, डाव्या हातात दोरी घेतली, आणि खांद्यानं न ओढता सगळं अंग मागे टाकलं, जसं चालत्या गाडीत ब्रेक लागल्यावर माणूस स्वतःला सावरतो तसं. इंजिन धडधडलं. निळा धूर निघाला. ताईंच्या चेहऱ्यावर मी तेव्हा जे पाहिलं त्याला हसू म्हणता येणार नाही. दात आवळलेले होते आणि डोळे हांडे साहेबांच्या गच्चीकडे होते.

आवाज मोठा होता यात शंका नाही. हांडे साहेबांनी आता आवाजाची तक्रार केली. ताई म्हणाल्या, "तुमच्या जावयाचा डीजे वाजते तवा कान कोठी ठेवता?" पण सकाळच्या अभ्यासाला त्रास होतो असं वरच्या पोरी म्हणाल्या, तेव्हा मुकाट्यानं वेळ बदलली. पोरी कॉलेजला गेल्यावर मशीन सुरू.

तुळशीची लग्नं लागली आणि लग्नसराई सुरू झाली. एका सकाळी लाकडी बल्ल्या आणि मंडपाच्या कापडानं भरलेला ट्रक मैदानाच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. बैठक नाही, विचारणं नाही. हांडे साहेब पुढे आले, हात जोडून सगळ्यांना म्हणाले, "जावयाची अडचण आहे. दोन दिवसांचा प्रश्न. एक कार्यक्रम होऊ द्या, मग पाहू." आम्हाला सगळ्यांना माहीत होतं की एकदा खड्डे पडले, बल्ल्या रोवल्या, गवत तुडवलं गेलं, की दोन दिवसांचे दोन महिने होतील आणि मग गट्टू येतील. माहीत असूनही आम्ही आपापल्या फाटकांशी उभे होतो.

मशीन ढकलण्याचा आवाज आला. ताई रस्त्यानं येत होत्या. ट्रकच्या बाजूनं त्या मैदानात गेल्या, ट्रकच्या बरोबर समोर मशीन उभी केली, डावा पाय रोवला आणि अंग मागे टाकलं. एकदा. दुसऱ्यांदा. इंजिन लागलं. मग त्या ट्रकच्या तोंडापुढून आडवा पट्टा काढायला लागल्या. टोकाला जायच्या, वळायच्या, परत यायच्या. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. त्या वळल्या आणि परत आल्या. ट्रकला आत यायचं तर त्यांच्या अंगावरून यावं लागलं असतं.

"अहो, बंद करा ती मशीन," हांडे साहेब ओरडले. इतक्या वर्षांत त्यांचा आवाज चढलेला मी पहिल्यांदा ऐकला. ते तरातरा मैदानात शिरले, खाली बघत, गवतात काहीतरी शोधत. ते वायर शोधत होते. हात पुढे झालेला, ओढायला तयार. मग वायर नाही हे त्यांच्या लक्षात आलं आणि ते तसेच वाकलेले थांबले.

फाटकाशी कुणीतरी हसलं. कल्पना वहिनी होत्या. हसता हसताच त्या सतरंजी काखेत मारून, फाटक उघडून बाहेर आल्या, मैदानात गेल्या आणि सतरंजी अंथरून ट्रकच्या समोर बसल्या. त्यांचे यजमान दारातून "कल्पना, कल्पना" म्हणत राहिले. मग मी गेले. मग माझ्या मागे माझे सासरे, हातात पेपर घेऊन. ताई आमच्या कडेकडेनं गवत कापत राहिल्या. सतरंजीपाशी आल्या की म्हणायच्या, "पाय वर घ्या." ड्रायव्हरनं शेवटी गाडी मागे घेतली. त्याला दुसरीकडेही माल पोचवायचा होता.

दुसऱ्या दिवशी हांडे साहेब ताईंच्या घरी गेले. मी तिथेच होते. ते दारातच म्हणाले, "ताई, तुम्ही चारचौघांत माझा अपमान केला."

"केला," ताई म्हणाल्या. "या, बसा. चहा टाकते."

त्यांनी चपला काढल्या. मग बसले. दोघं चहा प्यायले, ते कपातून, ह्या बशीतून, उभ्यानं. गट्टूचा विषय निघाला नाही, आणि पुढेही निघाला नाही. जावयानं लग्नांच्या मंडपासाठी दुसरीकडे जागा घेतली असं कळलं. हांडे साहेब आता सकाळी त्याच गवतावर चालायला येतात, चपला हातात घेऊन.

ताईंनी पुढच्या पावसाळ्यातही गवत एकटीनं कापलं. पण डाव्या हातावर सगळा भार आला आणि मग तोही दुखायला लागला. पोळ्याच्या सुमारास त्यांना भाकरीचं पीठ मळता येईना. मुलगा पुण्याहून गाडी घेऊन आला. खांद्याचं ऑपरेशन तिकडेच करायचं, दोन-तीन महिन्यांत परत आणतो, म्हणाला. त्या परत आल्या नाहीत. खांदा बरा झाला होता म्हणे. हिवाळ्यात एका सकाळी चहा पिता पिता गेल्या. उभ्यानंच असणार. मी विचारलं नाही.

त्या निघाल्या तो दिवस मला दिसतो. मुलगा सामान गाडीत ठेवत होता. उजवा हात झोळीत, ताई पुढच्या सीटवर, दाराच्या बाजूला. मैदानात कल्पना वहिनी गवत कापत होत्या. पट्टे वाकडेतिकडे येत होते. गाडी दिसली तशी त्यांनी मशीन बंद केली आणि पदराला हात पुसत निरोप द्यायला काचेशी आल्या. आम्हीही सगळे जमलो. वहिनींनी वाकून ताईंच्या पायांना हात लावायचा प्रयत्न केला, पण गाडीचं दार मधे आलं.

ताईंनी काच खाली केली. त्या आमच्याकडे बघत नव्हत्या. आमच्या मधून त्या मैदानाकडे बघत होत्या, जिथे अर्ध्या कापलेल्या गवतात लाल मशीन गप्प उभी होती.

"बंद काऊन केली वो?"

"तुम्ही निघाल्या म्हणून, ताई."

"मी निघाली. गवत नाई निघालं." त्यांनी हनुवटीनं मैदान दाखवलं. "चालू कर. पाय रोव, अंग मांग टाक. माह्यासमोर."

वहिनी धावत गेल्या. पाय रोवला. पहिल्यांदा इंजिन लागलं नाही. दुसऱ्यांदाही नाही. मुलानं घड्याळ पाहिलं. ताईंनी डावा हात वर करून त्याला थांबवलं. तिसऱ्या वेळी धूर निघाला आणि तो आवाज सगळ्या ले-आउटभर झाला. ताई आमच्याकडे वळून काहीतरी बोलल्या. खिडकीतून त्यांचे ओठ हलताना दिसले, रागावल्यासारखे, पण त्या आवाजात आम्हा कुणालाच एक शब्द ऐकू आला नाही. मग गाडी निघाली.